चौथी फेरी

केमीला मी दर चार वर्षांनी येते, फेब्रुवारीत,
समुद्रावरून गाड्या जाऊ लागतात तेव्हा.
पिशवीत रेकॉर्डर, जादा बॅटऱ्या
आणि तेच तेवीस प्रश्न.
पहिल्या फेरीत मुलं सोळाची होती.
मी चौतीसची.

यालमारी. नाव बदललं आहे, नोंद क्रमांकही.
सोळाव्या वर्षी म्हणाला होता,
कागदाच्या गिरणीत क्रेन चालवणार, बाबांसारखा.
भविष्याबद्दल खात्री: पाचपैकी पाच.
बोलताना तो खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलत होता.
त्याला रकाना नव्हता.

विसाव्या वर्षी
गिरणीच्या धुराड्यातून काहीच निघत नव्हतं.
नुकताच लष्करातून सुटलेला, केस अजून आखूड.
पाचपैकी दोन, म्हणाला.
मग, नको, तीन लिहा. आई वाचेल का हे?
कुणीच वाचत नाही, मी म्हटलं,
त्याला धीर यावा म्हणून.

चोविसाव्या वर्षी फोनवर, ओउलूहून,
गोदामातल्या जेवणाच्या सुट्टीत. अकरा मिनिटं.
घर सोडलं? सोडलं.
त्या वर्षीच्या तक्त्यात तो एक सरळ रेघ होता,
खालून वर जाणारी,
परिषदेत पडद्यावर दाखवावी अशी. मी दाखवलीही.

आता अठ्ठावीस. पुन्हा त्याच स्वयंपाकघरात.
वडिलांची उजवी बाजू लुळी,
आणि हा वर्तमानपत्र पसरून त्यांची नखं कापतोय,
जीभ दातांत धरून.
विचारा तुम्ही, म्हणतो, हात चालू राहिले तर चालेल ना?

प्रश्न नऊ. आईवडिलांचं घर सोडलं का?
नेलकटर थांबतं.
आई लुलेओला गेली, तिच्या माणसाकडे.
बाबा इथे आहेत, पण रोजच असतात असं नाही.
विजेचं बिल माझ्या नावावर येतं.
म्हणजे मी कुठे गेलो नाही,
घरच आधी निघून गेलं.
यातलं काय लिहिता?

चौकोन दोनच आहेत. हो, नाही.

स्वतःच्या पायावर उभं राहणं
आम्ही सहा प्रश्नांत मोजतो:
पगार, भाडं, जोडीदार, असं काय काय.
तो वडिलांना काखेत धरून उठवतो,
त्यांची पावलं आपल्या पावलांवर घेतो
आणि मागे मागे चालत पलंगापर्यंत नेतो.
दोघांच्या मिळून चार पायांतले
दोनच जमिनीवर.
हे टिपायला पेन काढलं, आणि मिटलं.

प्रश्न तेवीस. तू स्वतःला मोठा झालेला समजतोस का?
मंगळवारी, तो म्हणतो.
मंगळवारी?
फिजिओथेरपीवाली येते. कागदावर सही माझी लागते.
आम्ही दोघं हसतो, आतून म्हाताराही.
मी "इतर"वर खूण करते.

रेकॉर्डर बंद झाल्यावर विचारतो,
किती उरलो आम्ही?
एकशे बारातले एकसष्ट.
आणि बाकीचे?
त्याला आम्ही गळती म्हणतो.
छपराची असते तशी? तो वर बघतो.

मग बुटांची लेस बांधताना, माझ्याकडे न बघता:
सायमी बोलते का अजून तुमच्याशी?
आमच्या वर्गातली. डाव्या हाताने लिहायची.

सांगता येत नाही रे.
करारात आहे, खाली सही माझी आहे.

काल तोर्नियोत एका बाईने,
कडेवरचं मूल या बाजूचं त्या बाजूला घेत,
बावीस आणि तेवीसच्या मध्ये
हेच विचारलं होतं, याच्याबद्दल.
तिलाही मी हेच वाक्य दिलं, याच आवाजात.
ती म्हणाली, बरं. फितीत त्यानंतर
नऊ सेकंद फक्त फ्रिजची घरघर आहे.

गाडीत हीटर लागायला वेळ घेतो.
दोन्ही कार्डं एकाच डबीत ठेवली आहेत,
वळणावर ती एकमेकांवर वाजतात.

पुढची फेरी ते बत्तीसचे असताना.
अनुदान मिळालं तर.